कमिटीचे ईमेल आता गूगल डॉक्सवर: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सोसायटीने बिल्डरला पाठवलेल्या ईमेलमधून ‘१५ दिवसांच्या आत’ हे शब्द कोणी काढले, हे अजून कळलेलं नाही. मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर कॉपी-पेस्ट होत फिरला, प्रत्येकाने आपापल्या प्रतीत हात घातला आणि मुदतच नसलेलं पत्र गेलं. विषय कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन आणि इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करून देण्याचा होता. करारात मुदत नसेल तर सोसायटीच्या नोंदणीपासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स करून द्यायचं, असं मोफाचे, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याचे नियम सांगतात. तरीही आम्ही नुसती आठवण करून दिली. संताप आला.

तेव्हापासून प्रत्येक मसुदा गूगल डॉक्समध्ये. फुकट आहे, हे पहिलं कारण. मेंटेनन्सच्या पैशातून सॉफ्टवेअरची वर्गणी भरायला माझा विरोधच आहे.

सुरुवातीला मात्र वैताग झाला. सजेस्टिंग मोडमध्ये खोडलेलं, घातलेलं, कोणी आणि कधी, सगळं दिसतं हे खरं, पण तो मोड निवडायचं लक्षात राहायला हवं ना! एडिटरचा हक्क असलेले खजिनदारकाका फाइल उघडून थेट वाक्यच बदलायचे. व्हर्जन हिस्ट्रीत ते सापडतं, पण दर वेळी शोधत कोण बसणार? तेव्हा विचारलं असतं तर दोनच स्टार दिले असते.

मग शेअर करताना सगळ्यांना एडिटरऐवजी कमेंटर केलं आणि माझं मतच पालटलं. कमेंटरला थेट बदल करताच येत नाही. तो जे टाइप करेल ते सूचना म्हणूनच उमटतं, ठेवायचं की नाही ते सेक्रेटरी ठरवतात. या एका सोयीसाठी बाकी सगळं माफ. फक्त नुसती लिंक टाकू नका, लॉगिन न करता आलेल्याचं नाव कळत नाही. प्रत्येकाचा ईमेल पत्ता घालून शेअर करा.

‘@’ टाइप करून ईमेल ड्राफ्टचा साचा घेतला की विषय, पत्ते, मजकूर एका बटणावर जीमेलमध्ये जातो. तिथे गेल्यावर मात्र बदलांची नोंद संपते. शेवटच्या क्षणी तिथे शब्द फिरवला तर डॉकला पत्ता लागत नाही, आणि मला हे सर्वात जास्त खुपतं. म्हणून जीमेलमध्ये कोणी काही बदलायचं नाही, असा नियम केलाय. शंका आली तर पाठवलेला मजकूर नव्या डॉकमध्ये चिकटवते आणि टूल्समधल्या कम्पेअर डॉक्युमेंट्सने ताडून बघते, फरक सूचनांसारखे समोर येतात.