टॅड-ए घ्यायचं का टीआरएम-डी? डिझर्टेशनवाल्यांसाठी

परवा रंकाळ्यावर एका एमएस्सीच्या पोरीनं विचारलं, दादा टीआरएनएवरच (प्रोटीन बनताना अमिनो आम्ल आणून देणारा छोटा आरएनए) काम करायचंय, पण त्यावर बदल करणाऱ्या टॅड-ए आणि टीआरएम-डी या बॅक्टेरियातल्या दोन एन्झाइमपैकी कुठलं घेऊ? तिला सांगितलं तेच इथं लिहितोय, कारण विद्यापीठात दरवर्षी कुणीतरी इथंच अडकतंय.

टॅड-ए लई साधं वाटतं. ई. कोलायमध्ये ते आर्जिनिनच्या एकाच टीआरएनएतल्या ३४ नंबरच्या ए चा (अँटिकोडॉनचं, म्हणजे कोडॉनला जुळणाऱ्या तीन अक्षरांतलं पहिलं) अमिनो ग्रुप काढून इनोसिन हे बदललेलं अक्षर करतं, बास. पण तेवढ्यानं तो एकटा टीआरएनए सीजीयू, सीजीसी, सीजीए असे तिन्ही कोडॉन (एमआरएनएवरचे तीन अक्षरी शब्द) वाचतो, आणि हे एन्झाइम नसेल तर ई. कोलाय जगतच नाही. लॅबमध्ये पण सोपं, झिंक एन्झाइममध्येच असतं आणि रिअ‍ॅक्शनला पाणी पुरतं, मग सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करून सिक्वेन्सिंगला पाठवायचं. इनोसिन जी म्हणून वाचला जातो, त्यामुळं ए च्या हिरव्या पीकच्या जागी जी चा काळा पीक दिसतो, अर्धवट झालं असेल तर दोन्ही एकमेकांवर चढलेले. पहिल्यांदा ते बघताना अंगावर काटा येतो खरंच.

टीआरएम-डी मात्र जड काम. ३७ नंबरच्या जी वर मिथाइल बसवतं, ते नसलं की रायबोझोम घसरतो आणि पुढची सगळी फ्रेम (तीन-तीन अक्षरांची वाचनाची मांडणी) चुकते. सॅम (मिथाइल देणारं रसायन) लागतं, ते पटकन खराब होतं, आणि मोजायला बरेच जण रेडिओअ‍ॅक्टिव्ह सॅम वापरतात, म्हणजे परवानगी आली.

पण उत्क्रांतीचं वेड असेल तर टीआरएम-डीला तोड नाही. आपल्या पेशीत आणि आर्कियामध्ये (बॅक्टेरियाहून वेगळे एकपेशीय सूक्ष्मजीव) हेच मिथाइल टीआरएम-५ बसवतं, आणि दोघांचं घराणंच वेगळं! टीआरएम-डीची साखळी चक्क गाठ मारलेली, जोडीनं काम करणारी, टीआरएम-५ एकटं आणि घडण पूर्ण निराळी. एकच काम निसर्गानं दोनदा शोधलं. म्हणून तर टीआरएम-डीवर अँटिबायोटिक शोधतायत. टॅड-एची गोष्ट सरळ वारशाची, युकॅरिओटमध्ये (केंद्रक असलेल्या पेशींत, म्हणजे आपल्यातही) त्याच घराण्यातली दोन प्रोटीन जोडीनं काम करतात आणि त्यातल्या एकाची अमिनो ग्रुप काढायची ताकद गेलेली. २०१७ मध्ये डेव्हिड लिऊंच्या लॅबनं टॅड-ए डीएनएवर चालेल असं घडवून बेस एडिटर (डीएनएतलं एकेक अक्षर बदलणारं साधन) केला, ते वेगळंच.

एकच सेमिस्टर हातात असेल तर मी टॅड-एच म्हणेन, त्याला अँटिकोडॉनचा छोटा लूप दिला तरी चालतं, अख्खा टीआरएनए करत बसायला नको. पीएचडीला जाणार असाल तर टीआरएम-डी, पण लॅबमध्ये उतरायच्या आधी दोन्ही स्ट्रक्चर शेजारी शेजारी उघडून ती गाठ बोटानं मागं-पुढं फिरवून बघा.