ब्रॉवर्सडॅमवर विंडसर्फिंग: शाळेला पैकीच्या पैकी, कॅम्परव्हॅनवाल्यांना अजिबात नाही

माझं वय ४४. पोहायला शिकले सांगलीत, कृष्णेच्या घाटावर, पाठीला डबा बांधून. नदीची सवय आहे, समुद्राची नाही. त्यामुळे जूनमध्ये एका शनिवार-रविवारी भाड्याची कॅम्परव्हॅन (आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी) घेऊन नेदरलँड्समधल्या झीलँडच्या किनाऱ्यावर जायचं आणि विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर जाणं, शिकायचं असं लेकीने ठरवलं, तेव्हा मी काठावर बसून दोघा बापलेकीला बघणार होते. विंडसर्फिंगच्या शाळेत शिकवणाऱ्या मुलीने मला बसू दिलं नाही. मुख्यतः तिच्यासाठी हे लिहितेय.

आइंडहोवन शहरातून दीड-पावणेदोन तासांत पोचतो. ब्रॉवर्सडॅम म्हणजे साडेसहा किलोमीटर लांबीचं धरण, वरून रस्ता जातो. एका अंगाला उत्तर समुद्र, दुसऱ्या अंगाला ग्रेव्हेलिंगन सरोवर. १९५३च्या फेब्रुवारीत एका रात्रीत समुद्राने इथले बांध फोडले, देशात १८३६ माणसं गेली. त्यानंतर जी धरणं बांधली त्यांतलं हे एक, १९७१ मध्ये पूर्ण झालेलं. २०१९च्या पुरात आमचं माहेरचं घर पाण्यात होतं, आईने शेजाऱ्यांच्या गच्चीवर दोन रात्री काढल्या. धरणावर उभी राहिले आणि एवढं बांधून अडवलेल्या त्याच पाण्यात दहा-बारा वर्षांची पोरं शीड धरून मजेत जाताना बघितली, तेव्हा मला भरून आलं.

आता शिकण्याचं. समुद्राच्या बाजूला लाटा आणि ओढ, तिकडे जाणते लोक जातात. सरोवराच्या बाजूला पाणी खारंच आहे, कारण १९७८ पासून धरणातल्या दारांतून समुद्राचं पाणी आत घेतात, पण भरती-ओहोटी नावापुरती. आम्ही शिकलो तिथे पाणी बरंच आतपर्यंत कमरेएवढंच होतं. पडलं तरी पाय टेकतात. माझ्या वयाच्या बाईला याहून मोठा धीर दुसरा नाही.

शाळा सरोवराच्या काठाला आहे. दोन तासांचा वर्ग, आम्ही सहा जण, माणशी साठेक युरो, त्यात वेटसूट (पाण्यात ऊब देणारा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) आणि बोर्ड, म्हणजे उभं राहायची फळी. पहिला अर्धा तास वाळूवरच. ती मुलगी, असेल बावीस-तेवीसची, म्हणाली, "डोळे मिटा आणि हळूहळू मान फिरवा. दोन्ही कानांत वारा सारख्याच जोराने वाजायला लागला की थांबा. तिकडून वारा येतोय." मी मिटले, फिरवली, आणि खरंच एका क्षणी दोन्ही कान सारखे भरले. दिवसभर मग तेच करत होते. अजूनही सायकलवर सिग्नलला थांबले की करते.

पाण्यात बोर्ड मोठा देतात, दारासारखा रुंद, त्यावर नीट उभं राहता येतं. शीड छोटं, साडेतीन चौरस मीटरचं. खरी परीक्षा ते पाण्यात आडवं पडलेलं शीड दोराने वर घेण्याची. वाऱ्याकडे पाठ, पाय डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना, हातात दोर. पहिल्यांदा मी सगळी ताकद कंबरेतून लावली आणि मागे पाण्यात गेले. दुसऱ्यांदाही तेच. मग ती माझ्या बोर्डाशी चालत आली, बोर्ड धरला आणि म्हणाली, "तुम्ही शीड उचलताय. उचलू नका. शिडावरचं पाणी जड आहे, ते आधी निथळू दे. हात सरळ ठेवा, गुडघे वाकवा, अंगाचं वजन मागे टाका आणि थांबा."

मला एकदम आजीचा आड आठवला. पाणी शेंदताना आजी हेच सांगायची, बादलीशी झटापट करू नकोस, अंग मागे टाक. तसं केलं. शिडाची कड पाण्यातून सुटली, थोडा वेळ पाणी धारेने गळत राहिलं, आणि मग सगळं एकदम हलकं झालं. हात-दर-हात दोर घेतला, डोलकाठी हातात आली. पुढचा हात बूमवर, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांडीवर, मागच्या हाताने बूम हळूच जवळ ओढायचा, दार लावतो तसा. बोर्ड सरकला. पायाखाली आधी लाटांचं थपथप होतं, ते थांबून सलग सळसळ सुरू झाली. तीसेक मीटर गेले असेन. लेक ओरडत होती, "आई, खाली बघू नको, समोर बघ!"

वळवायचं तंत्रही शिकवणाऱ्या मुलीने फार सोपं करून सांगितलं. शीड बोर्डाच्या नाकाकडे झुकवलं की तोंड वाऱ्यापासून दूर फिरतं, शेपटीकडे झुकवलं की वाऱ्याकडे. दुपारी वारा ३ बोफर्टचा (वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी) ४ झाला, तेव्हा मी न सांगताच तिने माझं शीड बदलून अडीच चौरस मीटरचं दिलं. शिकवणाऱ्याचं लक्ष कुठे असतं ते अशा वेळी कळतं. मराठी शिकवणीत वाढलेल्या मला "वयाच्या मानाने छान" ऐकायची तयारी होती. ती तसं एकदाही म्हणाली नाही. चुकलं की चूक सांगितली, जमलं की "आता परत" म्हणाली.

शाळेबद्दल तक्रारी दोनच. कपडे बदलायची खोली एकच, बाहेर रांग. आणि पाण्यातले बूट वेगळे मागावे लागतात, कुणी सांगत नाही. तळाशी कालवांच्या शिंपल्या असतात, कडा पात्यासारख्या. नवरा अनवाणी उतरला आणि टाच कापून घेतली. व्हॅनमध्ये सांगलीची हळद होती म्हणून निभावलं.

व्हॅनबद्दल मात्र राग आहे. गाडी म्हणून ती बरी होती: साध्या कारच्या लायसनवर चालते, चौघं झोपतात, दोन शेगड्या, छोटा फ्रिज. पण ताबा देताना काउंटरवरच्या माणसाने गॅस भरलेला आहे असं सांगितलं, कागदावरही तशी खूण केली. शनिवारी रात्री पिठलं अर्धं शिजलं आणि शेगडी विझली. सिलिंडर रिकामा. घरी आपण सिलिंडर उचलून, हलवून बघतो. इथे छापील कागदावर विश्वास ठेवला. आपत्कालीन नंबरवर कुणी उचललं नाही, उत्तर आलं मंगळवारी, आणि पैसे परत द्यायला चक्क नकार. कॅम्पिंगवर शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने त्यांची शेगडी दिली, आम्ही त्यांना भडंग दिलं. ताबा घेताना कपाट उघडा, सिलिंडर हाताने उचला, दोन्ही शेगड्या पेटवून बघा, मगच सही करा. आणि झोपायला कॅम्पिंगची जागा आधीच बुक करा, या देशात रस्त्याकडेला किंवा पार्किंगमध्ये व्हॅन लावून झोपलं तर दंड बसू शकतो.

आमच्यासारखे इथे राहणारे पुष्कळ मराठी लोक मुलांना वर्गाला सोडतात आणि स्वतः गाडीत बसून राहतात. मीही तेच करणार होते. सप्टेंबरचा दुसरा वर्ग मी माझ्या एकटीच्या नावावर बुक केलाय, बूट घेऊन ठेवलेत.