आठ नंबरचा फ्लाय फिशिंग कॉम्बो : रॉड ठेवा, लीडर फेका

ऑनलाइन आठ-दहा हजारांत फ्लाय फिशिंगचा जो तयार संच मिळतो, त्यात नऊ फुटी चार तुकड्यांचा आठ नंबरचा (म्हणजे आठ नंबर वजनाची लाइन फेकणारा) कार्बन रॉड, रीळ, त्यावर गुंडाळलेली लाइन, लाइन आणि माशी यांना जोडणारा निमुळता नायलॉनचा लीडर आणि डबीभर माश्या, म्हणजे हुकावर बांधलेली नकली आमिषं, येतात. तो घेऊन उत्तराखंडच्या कुमाऊँतल्या रामगंगेकाठी, महाशीर या दांडग्या नदीतल्या माशासाठीच्या कॅम्पवर जाता येतं का? येतं. पण खोक्यातून निघाला तसाच नेला, तर पहिलाच बरा मासा लीडर तोडून जाईल. अशा कॅम्पवर हुक-दोरा मिळेल या भरवशावर राहता येत नाही, म्हणून काय बदलायचं ते गावातूनच बदलून निघावं.

आधी रॉड, कारण पैसे वसूल होतात ते इथेच. मधल्या ताकदीचा आहे, नवशिक्याच्या हाताला लवकर जमतो, आणि वजनदार माशी वाऱ्यातही बारा-पंधरा मीटर नेतो. महाशीरसाठी तेवढं पुरे. तुकड्यांवरचे ठिपके थोडे तिरपे ठेवून जोडा आणि पाव वळसा देत सरळ रेषेत आणा. नुसते दाबून बसवलेले जोड फेकताना सैल होतात आणि नेमके तिथेच तडकतात. दुसऱ्या तुकड्यात शिरणाऱ्या भागावर साधी मेणबत्ती फिरवली की पकड चांगली राहते. तलावाकाठची मुरमाची धूळ मात्र आधी पुसा, नाहीतर तुकडे असे अडकतात की दोघांनी ओढूनही सुटत नाहीत. लाइन ज्यांतून जाते त्या रॉडच्या कड्या तपासायला कापसाचा बोळा आतून फिरवा. धागा अडकला तर समजा आत चीर आहे. ती चीर लाइन कापत जाते. असा संच लगेच परत करा, वाद घालत बसू नका.

रीळ ठीक, पण त्यावरचं काम कच्चं असतं. बॅकिंग, म्हणजे लाइनमागची राखीव दोरी, जेमतेम पन्नास मीटर, आणि लाइनशी मारलेली गाठ कड्यांतून जाताना अडखळते. सगळं उलगडा. २० पौंडी डेक्रॉन बॅकिंग दीडशे मीटर भरा, रिळाला आर्बर गाठ मारा, आणि लाइनला बारीक खिळ्याच्या आधाराने नेल नॉट. महाशीर पहिल्या धावेतच सगळी लाइन नेऊ शकतो. इथे पन्नास मीटरवाला रडत बसतो. मूठ बहुतेक डाव्या हाताने गुंडाळायच्या बेताने येते. उजवी हवी असेल तर आतलं एकेरी बेअरिंग काढून उलटं बसवा, नाहीतर ड्रॅग, म्हणजे लाइन सुटताना लागणारा रिळाचा ब्रेक, उलट्या दिशेने लागतो. ड्रॅग अंदाजाने लावू नका. सामान तोलायचा हुकवाला काटा लाइनला अडकवा, सावकाश ओढा, आणि टिपेटच्या, म्हणजे लीडरच्या शेवटच्या बारीक तुकड्याच्या, ताकदीच्या पाव भागावर ठेवा : सात किलोच्या टिपेटला पावणेदोन किलो. सुटताना झटका बसत असेल तर तो रीळ या कामाचा नाही. दिवस संपला की ड्रॅग सैल करा, चकत्या दबून बसत नाहीत.

लाइनबद्दल मात्र मत विभागलेलं आहे. आठ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट २१० ग्रेनचे, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या आसपास असायला हवेत. सोनाराच्या नाहीतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून पाहा. संचातल्या लाइनी बरेचदा वजनात बसतात, पण आवरण थंड पाण्याचं असतं. एप्रिल-मेच्या उन्हात भंडारा-गोंदियाकडे ती लिबलिबीत होते आणि कड्यांना चिकटते. उलट, उष्ण हवेची ट्रॉपिकल लाइन मार्चच्या पहाटे डोंगरातल्या नदीवर वेटोळी धरून राहते. त्यामुळे संचातली सरावाला ठेवा आणि एप्रिलनंतर जायचं असेल तरच ट्रॉपिकल घ्या. वेटोळी पडली तर दोघांनी दोन टोकं धरून हलके ताणावी, बस. डासांसाठीचं डीट असलेलं मलम लावून लाइनला हात लावू नका. डीट प्लॅस्टिक विरघळवतं, आवरणाला भेगा जातात आणि तरंगणारी लाइन बुडू लागते. लावायचंच तर हाताच्या मागच्या बाजूने लावा.

लीडर फेकाच. तो थंड पाण्यातल्या ट्राउट माशासाठीचा, शेवटी सुतासारखा बारीक. घरी बनवायला जाळी-दोरीच्या दुकानातला नायलॉन चालतो : ०.५५ मिमीचा दीड मीटर, ०.४५ चा साठ सेंमी आणि ०.३५ चा साठ सेंमी. ब्लड नॉटने जोडा आणि आवळण्याआधी थुंकीने ओला करा. कोरडी गाठ घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमजोर होतो. स्टीलची तार लागत नाही. महाशीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. पण त्या घशाची दाब अशी की पातळ तारेचा हुक सरळ होतो. म्हणून डबीतल्या माश्याही बाजूला ठेवा. जाड तारेच्या दोन आणि चार नंबरच्या हुकांवरचे क्लाउझर आणि वुली बगर या प्रकारच्या माश्या घ्या, हिरवट-पांढऱ्या आणि काळ्या. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. सोनेरी महाशीर जागतिक लाल यादीत संकटग्रस्त आहे. पकडून सोडूनच द्यायचा, तेव्हा हुक सहज निघायला हवा.

सरावाची जागा निवडताना पऱ्हाटी आणि तुरीची धसकटं टाळा, आवरण सोलून निघतं. कापणी झालेली धानाची बांधी किंवा शाळेचं गवती मैदान उत्तम. माशीच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधा, डोळ्याला धोका नाही. कार्बनमधून वीज वाहते, हे कोणी सांगत नाही : शेतातून गेलेल्या लोंबत्या ११ केव्हीच्या तारांखाली नऊ फुटी रॉड उभा धरू नका, आणि वळवाचे ढग जमले की गुंडाळा.

पाण्यावर सराव करायचा तर मामा (माजी मालगुजारी) तलावावर मरळ आहे. पॉपरवर, म्हणजे तरंगत आवाज करणाऱ्या माशीवर, येते, वनस्पतीत ओढते, रॉडची परीक्षा होते. रोहू-कटल्याच्या नादी लागू नका, माशीवर क्वचितच येतात. तलाव बहुधा मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असतो, तेव्हा आधी ढिवर बांधवांना विचारा. त्यांनी जाळी कुठे टाकली आहेत तेही कळतं. पावसाळा लागला की थांबा, मरळ तेव्हा पिल्लं राखते. मोठा मासा जवळ आला की रॉड डोक्यामागे उभा करायची सवय इथेच मोडा. टोक त्यानेच तुटतं, आणि या संचाला जादा टोक मिळत नाही.

प्रवासाचं थोडक्यात. चार तुकडे नळीत भरले की लांबी पाऊण मीटरवर जाते, आणि विमानात हातसामानाची मर्यादा ५५ सेंमी. रॉड आणि हुक सामानात सोडा, रीळ हातात ठेवा. नागपूरहून रेल्वेने गेलात तर खालच्या बर्थखाली नळी आरामात मावते. परवाना कॅम्पवाले काढतात की आपण, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

फक्त गावच्या तलावात मरळ मारायची असेल तर हा संच घेऊ नका. साधा स्पिनिंग रॉड निम्म्या पैशात तेच काम जास्त सोप्या रीतीने करतो.