चेरीचं डायनिंग टेबल, 9 महिने वापरल्यानंतर

परवा आईने फोनवर विचारलं, मी विणून पाठवलेला रुमाल टेबलावर दिसत नाही तो? म्हणून हे लिहायला बसलोय.

आम्ही पिट्सबर्गला राहतो. पेनसिल्व्हेनियाची चेरी इथून अडीच-तीन तासांवरच्या जंगलातच वाढते, तिथल्या केन गावाचे लोक तर गावाला ब्लॅक चेरीची जागतिक राजधानी म्हणतात, त्यामुळे अक्रोडापेक्षा ती बरीच स्वस्त पडली. 36 इंच रुंद, 6 फूट लांब टेबल जानेवारीत पूर्ण केलं. आधी जवसाचं तेल आणि वर पॉलीयुरेथेनचे तीन पातळ हात. स्टेन (लाकडाला रंग देणारं द्रव्य) नाही लावला ते बरं केलं, ट्रायलच्या तुकड्यावर ठिपके-ठिपके उठले होते. रंधा छान चालतो, पण ब्लेड जरा बोथट झालं की टेबल सॉवर कडा काळ्या जळतात आणि ते काळं घासून काढण्यात माझा अख्खा रविवार गेला.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीत लाकूड फिकट गुलाबीसर होतं. त्यावर आईचा रुमाल घातला आणि एप्रिलमध्ये धुवायला उचलला तर खाली रुमालाएवढा पांढुरका चौकोन, बाजूला सगळं तांबूस! अक्षरशः पोटात गोळा आला. चेरी उजेडाने गडद होते हे वाचलेलं होतं, पण तीन महिन्यांत इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. घाईत मी एक कोपरा पॉलिश पेपरने घासला. ते अजिबात करू नका, रंग फक्त वरच्या थरात असतो, त्यामुळे घासलेला भाग परत जानेवारीसारखा फिकट झाला आणि फिनिश पुन्हा लावावं लागलं ते वेगळंच. त्या दिवशी मी बायकोला म्हणालो, पुढच्या वेळी सरळ मेपल आणू.

ते मत मी आता बदललंय. टेबल खिडकीजवळ उघडं ठेवलं आणि सहा-सात आठवड्यांत चौकोन जवळपास बुजला, आधीच गडद झालेल्या भागाचा वेग कमी होतो आणि मागचा त्याला गाठतो. आज ऑक्टोबरमध्ये रंग असा आलाय की दिवाळीला पाहुणे येण्याची वाट बघतोय. पहिलं वर्षभर मात्र वर काहीही कायमचं ठेवायचं नाही, फळांची परडीसुद्धा रोज हलवायची.

एक राग अजून आहे. दुकानदाराने दिलेल्या दोन फळ्यांना सालीकडचा पांढरा पट्टा जवळपास तीन इंच निघाला. तक्रार केली तर म्हणाला ग्रेडमध्ये, म्हणजे लाकडाचा दर्जा ठरवताना, तो दोष धरत नाहीत. पैसे मी पूर्ण बोर्ड फुटाचे (लाकूड मोजायचं माप) दिले होते, त्या पट्ट्यासकट! गाभा लाल होत गेला तसा तो पट्टा उलट जास्तच उठून दिसतोय, आणि हा काही उजेडाने बुजणारा नाही. फळ्या स्वतः उलटून दोन्ही बाजू बघितल्याशिवाय घेऊ नका.

बाकी मजबुतीबद्दल तक्रार नाही. ओक-मेपलपेक्षा मऊ आहे, मुलाने चमचा आपटला तिथे खाच पडली. हिवाळ्यापेक्षा ऑगस्टमध्ये टेबल पाव इंचाहून जास्त रुंद भरलं, पण लाकडाला सरकायला जागा राहावी म्हणून खाली स्क्रूसाठी लांबट भोकं ठेवली होती, त्यामुळे फाटलं नाही.

आईला सांगितलंय, रुमाल जानेवारीत परत घालतो.