कॅमेऱ्याची शोल्डर बॅग, वर्षभर वापरल्यावर : बाकी सगळं ठीक, पट्टा सोडून

किती लिटरची, किती खिसे, लॅपटॉप बसतो का वगैरे तुम्ही सगळीकडं वाचलेलं असणार, ते परत लिहीत बसत नाही. कंपनीचं नाव पण टाकत नाही, कारण तीन-चार हजाराच्या रेंजमधल्या बऱ्याच कॅमेरा बॅगांना हेच बक्कल आणि हाच पट्टा लावलेला असतो, दुकानात जाऊन बघितलंत तर तुम्हालाच दिसेल. कॅनव्हासची, वरनं झाकण असलेली, मधल्या साईजची बॅग आहे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ३,४०० ला घेतली, आता दुसरा पावसाळा चालू आहे. आणि मला सगळ्यात जास्त जे बोलायचं आहे ते पट्ट्याबद्दलच, कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही. सगळे रिव्ह्यू वाले बॅग टेबलावर ठेवून खिसे उघडून दाखवतात, खांद्याला अडकवून चार तास कुणी फिरत नाही.

आधी वजन बघा. माझा निकॉन डी७५० कॅमेरा बॅटरीसकट ८४० ग्रॅम, २४-१२० एफ/४ लेन्स ७१०, ८५ एमएम १.८ ची ३५०, ५० एमएम १.८ ची १८५ आणि गोडॉक्स व्ही८६० टू फ्लॅश बॅटरीसकट ५४०. झाले २ किलो ६२५ ग्रॅम. त्यात रिकाम्या बॅगेचं किलोभर, चार्जर, जादा बॅटऱ्या, पाण्याची बाटली धरा, चार साडेचार किलो आरामात होतात. हे सगळं वजन एका खांद्यावर, आणि तो पट्टा धरून ठेवतो कोण तर एक प्लॅस्टिकचं बक्कल ज्याला ना दात आहेत ना काही. पट्टा त्या बक्कलाच्या मधल्या दांडीवरनं वळवून आणलेला असतो, नुसत्या घर्षणावर थांबतो. दांडी गुळगुळीत, पट्टा नायलॉनचा, पातळ आणि चकचकीत. मग थांबणार कसा?

पहिले दोन महिने काही कळलं नाही, कारण नवीन पट्टा जरा कडक असतो. मग आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या एका लग्नात लक्षात आलं, सकाळी बॅग कमरेला बरोबर बसेल अशी बांधलेली, अक्षता पडायच्या वेळेला ती मांडीवर आपटायला लागली. वर ओढून घेतली, जेवणाच्या पंगतीपर्यंत परत खाली. लग्नाच्या गडबडीत दोन्ही हात कॅमेऱ्यावर असतात हो, बॅग सावरायला तिसरा हात कुठनं आणायचा? आणि खाली लोंबणारी बॅग वाकलं की पुढं येते, स्टेजच्या पायऱ्यांवर गुडघ्यात येते, मंडपात लहान पोरं पळत असतात त्यांच्या बरोबर डोक्याच्या उंचीला येते. हे धोक्याचं आहे.

खात्री करून घ्यायची म्हणून शिंप्याच्या खडूनं बक्कलाला लागूनच पट्ट्यावर एक रेघ मारली आणि सगळं सामान भरून धर्मवीर संभाजी चौकातनं कपिलेश्वर मंदिरापर्यंत चालत गेलो, मधे कुठं हात लावला नाही. तिथं पोचल्यावर रेघ बक्कलापासनं चार बोटं लांब गेलेली. म्हणजे पट्टा दर पावलाला थोडा थोडा सुटत होता. जवळनं बघितलं तर जिथं बक्कल घासतं तिथं पट्टा आरशासारखा चमकत होता, कडेचे धागे फुलून आलेले आणि बक्कलाची दांडी मधोमध पांढरी पडलेली. म्हणजे जेवढा वापराल तेवढा आणखीनच घसरणार, कारण दोन्ही बाजू घासून घासून गुळगुळीतच होत जाणार.

मग कंपनीचा कस्टमर केअर. एक वर्षाची वॉरंटी आहे, बिल आहे, म्हणून फोन केला. फोनवरचा मुलगा नीट बोलला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण आधी बिलाचा फोटो मागितला, मग पट्ट्याचा फोटो, मग म्हणे पट्टा घसरतानाचा व्हिडिओ पाठवा, तो पाठवला तर चार दिवसांनी मेसेज की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. काय सोडवलं? परत फोन, परत नवीन तक्रार नंबर, परत पहिल्यापासनं सगळं सांगा. शेवटी उत्तर आलं की हुक किंवा कडी तुटली तर वॉरंटीत बसते, पट्टा घसरणं हे वापरामुळं होणारं नॉर्मल आहे, तरी बघायचं असेल तर बॅग स्वखर्चानं बेंगळूरला पाठवा. आपल्याकडनं बेंगळूर पाचशे किलोमीटर, कुरिअरचा जायचा खर्च माझा, तीन आठवडे बॅग नाही, आणि तिकडं जाऊनसुद्धा "नॉर्मल आहे" हेच ऐकायचं. वर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देतो म्हणाले. मला दुसरी बॅग नको आहे, ह्याच बॅगेचा पट्टा जागेवर थांबायला पाहिजे. ज्या वस्तूचं कामच वजन उचलणं आहे तिचा पट्टा वजनानं सुटतो, आणि ते नॉर्मल कसं काय? ह्याचा मला अजून राग आहे.

काम झालं ते खडे बाजारात. बॅगा, चेन, रनर दुरुस्त करणारे एक मामा आहेत, शाळा सुरू व्हायच्या वेळेला गेल्तो म्हणून समोर दप्तरांचा ढीग, तरी त्यांनी काम थांबवून बॅग हातात घेतली. पट्टा दोन बोटांत धरून नुसता चोळला आणि म्हणाले, "ह्ये घसरतंय म्हणून काय सांगताय, घसरणारच की. पट्टा बी गुळगुळीत, बक्कल बी गुळगुळीत. एकतरी खरबरीत पायजे का नको?" कंपनीला जे एवढ्या फोनाफोनीत सांगता आलं नाही ते त्यांनी एका मिनिटात सांगितलं. जुना पट्टा कापून काढला, दोन इंची जाड सुती नवार लावली, लोखंडी बक्कल लावलं. आणि मुख्य म्हणजे पट्टा बॅगेला जिथं जोडतो तिथं आधी नुसती एक सरळ शिवण होती, त्यांनी तिथं चौकोन शिवून आत फुली मारली. ह्या शिलाईत ताण एका ओळीवर येत नाही, सगळ्या चौकोनावर पसरतो, त्यामुळं टाका सहसा उसवत नाही. तुमच्या बॅगेला ही फुली आहे का आधी बघा, नसेल तर घालून घ्या. सगळे मिळून १५० रुपये. बेंगळूरला पाठवायच्या कुरिअरपेक्षा कमी!

ह्या निमित्तानं थोडं शोधलं तर कळलं की जुन्या लोकांनी हे फार आधी सोडवलेलं आहे. डोमके नावाची अमेरिकन बॅग आहे, जिम डोमके नावाच्या फिलाडेल्फियातल्या एका वृत्तपत्राच्या फोटोग्राफरनं १९७० च्या दशकात स्वतःच्या कामासाठी बनवलेली. त्या बॅगेचा पट्टा सुती, त्यात रबराचे धागे विणलेले, म्हणजे खांद्यावरनं पण घसरत नाही. आणि पट्टा बॅगेच्या बाजूला संपत नाही, तळाखालनं फिरवून आणलेला, म्हणजे वजन शिवणीवर येतच नाही, पट्टाच बॅगेला खालनं उचलतो. दुसरी इंग्लंडची बिलिंगहॅम, ती कंपनी १९७३ ला मासेमारीच्या पिशव्या शिवायला लागलेली, नंतर फोटोग्राफर त्या घ्यायला लागले म्हणून कॅमेऱ्याकडं वळली. तिची आपल्याकडं पाच आकडी किंमत आहे, ती मी घेणार नाही आणि कुणाला घ्या म्हणणार पण नाही. पण पन्नास वर्षांपूर्वी लोकांना कळलं होतं ते आज साडेतीन हजाराच्या बॅगेत का नाही? नवार काय महाग असते काय?

आता बाकीचं पटापटा. फोम चांगला आहे, दुचाकीच्या टाकीवर ठेवून खानापूर रोडच्या खड्ड्यांतनं जाऊन आलोय, सामानाला काही झालं नाही. पार्टिशन पाहिजे तशी हलवता येतात. चेन जाड आहे, अडकत नाही. बाहेरचा ट्रायपॉड बांधायचा पट्टा बिनकामाचा, ट्रायपॉड लावला की बॅग एका बाजूला कलते. झाकणाच्या वेल्क्रोचा आवाज मात्र फार वाईट, मंगलाष्टकं चालू असताना लेन्स बदलायची म्हणून झाकण उघडलं की चर्रर्र करून सगळे वळून बघतात. त्याच्यावर सोपा उपाय आहे, बाजारात वेल्क्रो मीटरवर मिळतो, त्यातली मऊ बाजू कापून बॅगेच्या काटेरी बाजूवर दाबून ठेवायची. झाकण नुसतं पडून राहतं, आवाज शून्य. प्रवासात ती मऊ पट्टी काढून टाकायची.

शोल्डर बॅगच का, सॅक का नाही असं बरेच जण विचारतात. डोंगर चढायचा असेल तर सॅकच घ्या, दोन्ही खांद्यांवर वजन वाटलं जातं. पण गर्दीत आणि देवळात शोल्डर बॅगेला तोड नाही. किल्ल्यातल्या कमल बस्ती ह्या जैन मंदिरात, १२०४ सालचं ते, छताचं दगडी कमळ खाली बसून वर कॅमेरा करून टिपावं लागतं, तिथं बॅग मांडीवर घेऊन लेन्स बदलता येते, सॅक काढून जमिनीवर ठेवावी लागते. हलशीच्या भूवराह नरसिंहाच्या देवळात आत उजेड कमी, २४-१२० काढून कमी उजेडात चालणारी ५० ची लेन्स लावायलाच लागते, ते पण उभ्या उभ्या होतं. आणि शिवजयंतीच्या चित्ररथाच्या मिरवणुकीत रामदेव गल्लीत रात्री पाठीवर सॅक असली की मागच्याला त्रास, आणि मागनं कोण चेन उघडतंय ते आपल्याला दिसत नाही. बॅग पोटावर घेतली की सामान डोळ्यासमोर. फक्त पट्टा एका खांद्यावर लोंबता ठेवू नका, मान आणि दुसरा खांदा ह्यांच्यामधनं तिरका घ्या, संध्याकाळी मान दुखत नाही.

इथपर्यंतचं बरंचसं मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं, आणि सुती नवारीचं भरभरून कौतुक केलं होतं. आता पावसाळा सुरू झाल्यावर त्यात थोडं बदलावं लागतंय. कणकुंबीला गेल्तो, मलप्रभेचं उगमस्थान आहे तिथं, पाऊस म्हणजे समोरचं दिसत नाही असा. नवारीनं पाणी पिऊन घेतलं, पट्टा जड झाला, दोन दिवस पंख्याखाली ठेवला तरी आतनं ओलाच, वास यायला लागला. शिवाय काळ्या नवारीचा रंग शर्टाच्या खांद्यावर उतरला. नायलॉनचा पट्टा झटकला की अर्ध्या तासात कोरडा व्हायचा, एवढं त्याच्या बाजूनं बोलायला पाहिजे. पण ओली होऊन पण नवार घसरली नाही, एक बोट पण नाही, म्हणून माझं मत तेच आहे. नवीन नवार लावायच्या आधी पाण्यात भिजवून दोनदा धुवून वाळवा, म्हणजे जादाचा रंग आधीच निघून जातो. आणि पावसाळ्यापुरता जाड पॉलिस्टरचा खरबरीत पट्टा मिळतो, ट्रॅव्हल बॅगांना असतो तसला, तो लावता येतो. मामांकडं दाखवून ठेवलाय.

पावसाळ्याचंच आणखी एक, हे महत्त्वाचं. घरी आल्यावर लेन्स बॅगेत ठेवू नका. फोम ओल धरतो, कॅनव्हास ओल धरतो, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर घरात पण हवेत दमटपणा सत्तर ऐंशी टक्के असतो, साठच्या वर बराच काळ राहिला की लेन्सला फंगस म्हणजे बुरशी धरायला सुरुवात होते. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल टाका, निळे खडे गुलाबी झाले की ओल भरली असं समजून बदला. बॅग रिकामी करून झाकण उघडं ठेवून वाऱ्याला ठेवा. बॅगेबरोबर आलेल्या रेन कव्हरला आतनं पीयूचा (पॉलियुरेथेनचा, प्लॅस्टिकसारखा) कोट असतो, ते ओलंच घडी घालून खिशात कोंबलं की वर्षाभरात चिकट होतं आणि मग सोलपटं निघतात. माझं कोपऱ्यात चिकट व्हायला लागलंय, आता वाळवूनच ठेवतो.

एवढं सगळं होऊन बॅग ठेवणार का विकणार, तर ठेवणार. आतलं चांगलं आहे आणि पट्ट्याचं काम झालंय. पण ३,४०० अधिक १५० असा हिशोब धरूनच घ्या, आणि दुकानात जाताना स्वतःची कॅमेरा बॉडी आणि सगळ्यात जड लेन्स घेऊन जा. बॅगेत भरा, खांद्याला लावा, पट्ट्यावर बक्कलाजवळ खूण करा आणि दुकानात दहा मिनिटं इकडं तिकडं फिरा, जिना असेल तर दोनदा चढउतार करा. दुकानदार कुरकुरला तरी करा, पैसे तुमचे आहेत. माझ्या एका मित्राला टिळकवाडीतल्या एका दुकानात असंच करायला लावलं, तीन बॅगांतल्या दोनांचा पट्टा तिथंच दोन बोटं सुटला, तिसरी त्यानं घेतली, ती चारशेनं स्वस्त होती.

माझ्या बॅगेला आता एकच काम राहिलंय, पट्टा अडकवायच्या दोन्ही बाजूच्या कड्या अजून प्लॅस्टिकच्या आहेत, डावीकडच्या कडीला वाकाच्या जागी पांढरी रेघ दिसायला लागली आहे, म्हणजे तिथं ताण येतोय. गणपतीत सामान भरून दिवसरात्र फिरायचं असतं, त्याच्या आधी दोन्ही कड्या लोखंडी करून घेणार आहे, मामांनी दोन्हीचे मिळून साठ रुपये सांगितलेत.