तुळशीबागेतून घेतलेलं फाउंडेशन

चुलतबहिणीच्या लग्नासाठी तुळशीबागेतल्या एका छोट्या दुकानातून फाउंडेशन घेतलं, दुकानाचं नाव नाही लिहीत कारण थोडी तक्रार पण आहे. काउंटरवरच्या ताईंनी शेड बघायला सरळ हाताच्या मागे लावलं, आता हात आणि चेहरा एका रंगाचे असतात का कुणाचे, त्यात पुण्यात भर उन्हात स्कूटी चालवणाऱ्यांचे तर नाहीच! मग मीच जबड्याच्या कडेला तीन शेड्सच्या तीन रेघा ओढल्या, बाहेर उजेडात आले आणि ऑक्सिडाइज होऊन काळपट पडतंय का ते बघायला १५ मिनिटं थांबले, तोवर एक मस्तानी झाली. मधली रेघ दिसेनाशी झाली, तीच शेड घेतली.

प्रॉडक्ट मात्र भारी. आधी मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, ते नीट मुरू द्यायचं, मग फक्त दोन थेंब, ओला करून घट्ट पिळलेला स्पंज, नाकाच्या बाजूने बाहेर बाहेर जायचं आणि घासायचं नाही, नुसतं थोपटायचं. मानेकडे जवळजवळ काहीच नाही. नाकाचा शेंडा तीनेक तासांनी चकाकायला लागतो, टिश्यू जवळ ठेवा. लग्नात आत्या म्हणाली, "आज काही लावलं नाहीस का गं?"

पाचपैकी चार स्टार, एक त्या हातावरच्या पट्ट्यासाठी कापला.