उंदराच्या फुप्फुसातल्या एसपी-डी या प्रथिनासाठी अँटिबॉडी: चार तारे

खोक्यातल्या बर्फाचं पाणी होऊन पोचलं, तिथंच एक तारा कापला. पण सशात बनवलेली ही अँटिबॉडी कामाला चोख. फुप्फुसाचे मेणात (पॅराफिन) बसवलेले ५ मायक्रॉनचे काप सायट्रेट बफरमध्ये उकळले, १:२०० पातळ केलेल्या अँटिबॉडीत रात्रभर फ्रिजमध्ये ठेवले. सकाळी डीएबी (अँटिबॉडी चिकटते तिथं तपकिरी रंग देणारं रसायन) टाकलं आणि वायुकोशांच्या कोपऱ्यांतल्या टाइप २ पेशी तपकिरी झाल्या. बारीक श्वासनलिकांतल्या घुमटदार क्लब पेशीसुद्धा! शेजारच्या केसाळ पेशी कोऱ्याच. जंतूंवरच्या साखरेला चिकटणारं हे प्रथिन फुप्फुसात मुख्यतः याच दोघी बनवतात, म्हणजे रंग खरा. माहितीपत्रकातलं १:५०० विसरा, फिकट येतं. आणि एसपी-डी नसलेल्या उंदराचा काप तुलनेसाठी शेजारी लावाच. मी आळस केला, गाइडनी स्लाइड बघितलीसुद्धा नाही.